ट्रायलची जोडी

सीताबर्डीच्या दुकानात हांडे मॅडमनी
बोटाच्या टोकावर थेंबासारखं काहीतरी धरलं
आणि म्हणाल्या, घाबरू नका वो ताई, वर पाहा.
वर छताचा पंखा, पात्यावर धूळ.
तेवढ्यात ते डोळ्यात गेलं,
शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या पोरासारखं
जरा चुळबुळलं, मग गप्प झालं.

कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं असतात यात, त्या सांगत होत्या,
मधे जवळचं, कडेला लांबचं.
दोन्ही चित्रं एकदमच आत येतात,
कोणतं ठेवायचं ते मेंदू शिकतो.
किती दिवसांत?
कोणाचा चार, कोणाचा पंधरा.
कोणाचा शिकतच नाही.
हे शेवटचं त्या हळू बोलल्या,
पण बोलल्या.

माझं काम दोऱ्याचं.
खामल्यात, मेडिकलच्या वरती, दोन खुर्च्यांचं पार्लर.
एक टोक दातात, दुसरं बोटांत,
मधे कोणाची तरी भुवई, वीतभर अंतरावर.
शेहेचाळिसाव्या वर्षी नेमकी तीच वीत धुरकट झाली.
चष्मा लावून वाकावं तर मे महिन्यात
तो घामावरून घसरत थेट गिऱ्हाइकाच्या गालावर.
प्रोग्रेसिव्ह घेतला, तर खालच्या पट्टीतून पाहायला
मान अशी मागे टाकावी लागायची
की बाया विचारत, काऊन वो, राग आला का?

तर ही जोडी. सात दिवस, फुकट.

पहिल्या दिवशी सगळ्यालाच सावली होती,
कॅलेंडरवरच्या तारखांनासुद्धा.
कूलरसमोर बसले तर डोळे कुरडईसारखे वाळले.
आणि बुधवारी रात्री, वर्धा रोडवर,
प्रत्येक दिव्याला एकेक खळं.
डोक्यावरून मेट्रो गेली, वाटलं वरात चालली.
वीसच्या स्पीडनं, कडेकडेनं, स्कूटी घरी आणली
आणि ठरवलं, उद्या परत.
नवरा म्हणाला, महिन्याचे अडीच हजार?
तो हिशेब माझा आधीच झाला होता:
साडेबासष्ट जणींच्या भुवया.

गुरुवारी मुनघाटे काकू आल्या.
अठरा वर्षांपासूनच्या, एकच खुर्ची होती तेव्हाच्या.
दोरा ताणला, वाकले,
आणि सावली कुठे सरकली कोण जाणे,
एकेक केस मुळासकट समोर उभा.
काळे आठ-दहा. बाकी पांढरे.
डाव्या भुवईखाली खुंटं,
वेडीवाकडी, नखांच्या कात्रीनं कापलेली.

मी काही विचारलं नाही.
त्याच म्हणाल्या, मिटल्या डोळ्यांनी,
दिसून रायलं वाटते तुले आता.
दोन वरसं झाले बाई,
तू सोडलेले मी घरी जाऊन कापतो.
मले तरी कुठं धड दिसते.

दोन वर्षं. दर पंधरवड्याला.
आरसा हातात घेऊन, मान इकडेतिकडे करून,
मस्त झाल्या वो म्हणत
चाळीस रुपये ठेवून जायच्या.

मी दोरा सोडला. पुन्हा धरला.
समोरच्या मोठ्या आरशात एक बाई दिसली,
तिच्या ओठांवर लव होती, कपाळावर आठी,
आणि तिला हे सगळं कोणीच सांगितलं नव्हतं.

घ्यावी का, असं कोणी विचारलं
तर मला नीट सांगता येणार नाही.
रात्री नकोच. कूलरसमोर नको.
औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं
अजूनही मुलीकडूनच वाचून घेते.
हांडे मॅडमना म्हणाले, एकाच महिन्याची द्या,
पुढचं पुढे. जुना चष्मा पर्समध्ये आहेच.

पण ते संध्याकाळी.
तेव्हा, त्या क्षणी, उजवी भुवई बाकी होती.
काकू, म्हटलं,
जराशाही हलू नका.